बावीस टोकं

अंगणात पुन्हा हिरडा पसरला आहे. आहुप्याला, डोंगराच्या माथ्यावर, वारा आणि ढग हिरड्याला धड वाळू देत नाहीत. म्हणून माझ्या सुनेचा भाऊ दर चैत्रात कोवळ्या बाळहिरड्याची पोती आमच्या अंगणात आणून रिकामी करतो. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. इथे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ऊन अंगणातून हलत नाही. पहिल्या दिवशी हिरवागार असलेला हिरडा दुसऱ्या दिवशी मळकट होतो, मग तपकिरी, मग काळा. पुरता वाळला की हाताने परतताना खड्यांसारखा वाजतो. त्याचा एक तुरट वास असतो, जिभेच्या मुळाशी बसणारा. तो वास आला की मला एकच उन्हाळा आठवतो. पंधरा-सोळा वर्षं झाली, पण त्या उन्हाळ्यापाशी आलो की मी अजून मान खाली घालतो.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. शाळेची स्मरणिका निघते आहे आणि संगणक खोली नव्या इमारतीत जाते आहे. ती खोली सुरू कशी झाली, यावर मी चार पानं लिहावीत, असं त्यांचं म्हणणं. कपाटातला माझा शाल पांघरलेला फोटो त्यांना छापायला हवा होता. खाली काय लिहायचं तेही त्यांनी ठरवलं होतं: शाळेत इंटरनेट आणणारे टेलिफोनवाले आबा.

मी म्हणालो, "बाई, लिहितो. पण तुम्हाला पाहिजे तसं ते असणार नाही."

त्या हसल्या. म्हातारा माणूस विनयाने बोलतो आहे, असं त्यांना वाटलं असावं.

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन होतो. जुन्नर, घोडेगाव, आणि वर डोंगरातली सगळी गावं. आमच्या कामाचा जीव जोडीत असतो. एका फोनला दोन तारा लागतात, आणि त्या एकमेकींभोवती पीळ घालून चालतात. जाड केबल सोलली की आत अशा शेकडो जोड्या निघतात आणि त्या रंगांवरून ओळखायच्या. निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. हा क्रम मला पाढ्यांसारखा पाठ होता. उलटा म्हणायला सांगितला तरी अडखळलो नसतो. खांबावर चढून, पावसात डोळे मिटून, नुसत्या बोटांनी मी जोड लावलेले आहेत. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. पुढे जे घडलं ते याच अभिमानापायी घडलं, म्हणून आधी त्याबद्दल सांगितलं.

नव्वदच्या दशकात गावोगाव सरकारी फोन बसत होते. आहुप्यापर्यंत तारेचे खांब जाणं शक्य नव्हतं. तिथे आम्ही उंच पाइपाला एरियल बांधून आणि उन्हावर चालणारी बॅटरी लावून फोन बसवला. ज्यांच्या घरी बसवला त्यांची धाकटी मुलगी म्हणजे रंजना. पुण्या-मुंबईहून कुणाचा फोन आला की ज्याचा असेल त्याला बोलावून आणायचं काम तिच्याकडे होतं. देवराईच्या कडेने, शेताच्या बांधावरून पळत जायचं, माणूस घेऊन यायचं, तोवर इकडे रिसीव्हर ओट्यावर आडवा पडलेला. ती अजून सांगते की गावात तीन काळू होते, म्हणून नुसतं नाव सांगून चालायचं नाही, कुठल्या घरचा ते आधी विचारावं लागायचं. पत्ता म्हणजे काय, ते ती तिथेच शिकली.

ही मुलगी पुढे आमची सून झाली. बारावी झालेली. आणखी शिकायचं होतं, ते लग्नामुळे राहिलं. माझा मुलगा विलास चाकणला कारखान्यात, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला कारखान्यातल्या कुणीतरी बदललेला जुना कॉम्प्युटर तो घरी घेऊन आला. माझ्या फोनवर तेव्हा नुकतंच ब्रॉडबँड सुरू झालं होतं. एक्स्चेंजपासून आमच्या घरापर्यंतची तार मीच एकेकाळी ओढलेली, म्हणून ती चांगली होती. विलासने त्यावर क्रिकेट पाहिलं, रंजनाला चालू-बंद करायला शिकवलं आणि तो चाकणला गेला.

महिन्याभराने पाहतो तर रंजना वही घेऊन पडद्यासमोर बसलेली. पडद्यावर कुणी एक मास्तर काळ्या फळ्यावर चौकोन आणि रेघा काढत इंग्रजीत बोलत होते. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "आबा, एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कसा बोलतो त्याचं शिकवत्यात. पहिल्यापासून हाये सगळं. फुकट हाये."

दहा-दहा मिनिटांचे धडे होते. आमच्या तारेवरून दहा मिनिटांचा धडा उतरायला पाऊण तास लागायचा. पडद्याच्या तळाशी एक करडी पट्टी हळूहळू भरत जायची. ती भरल्याशिवाय धडा लावला तर मास्तर मध्येच तोंड उघडं ठेवून थांबायचे. रंजनाने यावर आपली पद्धत काढली. धडा लावायचा, लगेच थांबवायचा, आणि अंगणात जाऊन हिरडा परतायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा हिरडा हाताने परतून झाला की पट्टी भरलेली असायची. मग हात पुसून आत, वही उघडायची, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. इंग्रजी शब्द ती देवनागरीत लिहायची आणि पुढे आपला अर्थ. विजेच्या कपातीचं वेळापत्रक चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्यात वीज असलेले तास तिने लाल पेनने रंगवले होते. त्या तासांत स्वयंपाक नाही, धुणं नाही, फक्त हिरडा आणि धडा.

हिरड्याच्या चिकाने बोटं काळी होतात. डाग साबणाने जात नाहीत, चामडी निघते तेव्हाच जातात. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्युटरची पांढरी बटणं काळ्या ठशांनी भरली. विलासने कपाळाला हात लावला.

माझी बायको शांता शाळेत गेलेली नव्हती. हिरडा निवडताना रंजना तिला धडा सांगायची. मी ओट्यावर पेपर वाचतोय असं दाखवत ऐकायचो. एक दिवस धडा होता की प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात, एक कायमची आणि एक बदलणारी. शांताला काही केल्या ते पटेना. दोन-दोन कशाला पाहिजेत, एकीने भागत नाही का, म्हणाली. रंजनाने तिच्या हनुवटीकडे बोट केलं. म्हणाली, "आत्या, तुमचं हे गोंदण माहेरी झालं. सासरी आला तरी तेच हाये का न्हाई? पण घराचा पत्ता बदलला. गोंदण ती कायमची ओळख, अन् पत्ता ती बदलती. पत्र पत्त्यावर येतं, पण दारात आल्यावर माणूस गोंदणावरनं वळखायचा."

शांताने हनुवटीला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारणींना हे शिकवायला लागली.

आणखी एकदा, मोठा निरोप बारीक तुकडे करून पाठवतात, तो धडा. रंजना म्हणाली, एका झाडाचा हिरडा चार पाट्यांत भरून चार जणींच्या डोक्यावर देतात. चौघी चार वाटांनी डोंगर उतरतात, कुणी आधी पोचते, कुणी मागून. खाली उभा असलेला पाट्यांवरच्या खुणा बघतो, तीन नंबरची आली नाही म्हणून निरोप धाडतो, तेवढीच पुन्हा भरून येते. सगळं परत भरावं लागत नाही. मी पेपर खाली ठेवला. तीस वर्षं तारांत काढली, पण कुणी मला माझंच काम इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी तिला फुटलेल्या जोडीची गोष्ट सांगितली. घोडेगावात एकदा दोन व्यापाऱ्यांचं भांडण माझ्यापर्यंत आलं. एकाच्या फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. तार सलग होती, आवाज येत होता, तपासणीत काही दोष निघेना. दोन दिवस शोधल्यावर एका जोडात सापडलं. जोडणाऱ्याने एका जोडीतली एक तार आणि शेजारच्या जोडीतली एक तार अशी मिळून जोडी केली होती. तार तुटलेली नव्हती, पण पीळ मोडला होता. दोन तारा एकमेकींभोवती फिरतात तेव्हा बाहेरचा आवाज एकमेकींत मारून टाकतात. भलत्याच तारांची जोडी लावली की एकीचं दुसरीला ऐकू जातं. रंजनाने ही गोष्ट वहीत लिहून घेतली. मास्तरांच्या धड्यांच्या मध्ये माझी गोष्ट. ते पान मी पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

शाळेला एका संस्थेकडून दहा कॉम्प्युटर मिळाले ते त्याच चैत्रात. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्या कार्यालयात फोन आणि इंटरनेटची डबी होती. मैदानापलीकडच्या लांब खोलीत दहा यंत्रं मांडायची, तिथे तारा वाटणारी एक पेटी बसवायची, कार्यालयातून पेटीपर्यंत एक लांब तार आणि पेटीतून प्रत्येक यंत्राला एकेक. तुमच्याशिवाय कोण करणार, ते म्हणाले. मी सांगितलं की आमच्या सूनबाईला यातलं कळतं. तेव्हा ते म्हणाले की मग जूनपासून मुलांना शिकवायला तीच येऊ दे. हे त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. रंजनाने त्या दिवशी घरी येऊन बारावीचा दाखला ट्रंकेतून काढला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवला.

कॉम्प्युटरच्या तारेत चार जोड्या असतात, आठ तारा. टोकाला एक पारदर्शक क्लिप बसते, तिच्यात आठ खाचा. मी तार सोलली. निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी. माझे रंग, माझा क्रम. जोडीशेजारी जोडी अशा ओळीने आठही तारा खाचांत सरकवल्या आणि पक्कड दाबली. दोन्ही टोकांना तोच क्रम. जुन्नरच्या बाजारात हमीदभाईंचं रेडिओ-फोन दुरुस्तीचं दुकान आहे. पक्कड त्यांचीच, आणि तपासायची दिव्यांची डबीही त्यांचीच. डबी लावली की आठ तारांचे आठ दिवे एकामागे एक लागतात. लागले. अकरा तारा, बावीस टोकं, एकही दिवा चुकला नाही.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी रंजना दुपारचा डबा घेऊन आली. तिने एक क्लिप उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आबा, ही जोडी फुटलीया," ती म्हणाली.

मी म्हणालो, आठही दिवे लागतात.

"दिवे लागत्यात. पण हे यंत्र पहिल्या-दुसऱ्या खाचेवर एक जोडी धरतं, अन् तिसऱ्या-सहाव्यावर दुसरी. मधल्या दोन सोडून. म्हणून हिरवी जोडी निळीच्या दोन्ही अंगांना बसवायची असती. तुमी तिसरीला नारंगी घातलीया अन् सहावीला हिरवी. तुमीच सांगितलं व्हतं ना, घोडेगावचं."

तिने माझीच गोष्ट माझ्यासमोर ठेवली. शिपाई तिथेच झाडत होता. मी म्हणालो, "पोरी, तू जन्माला यायच्या आधीपास्नं मी जोड्या लावतोय. व्हिडिओ बघून तारा जोडता येत नाहीत." तिने क्लिप हळूच खाली ठेवली आणि डबा उघडून दिला.

पुढे काय झालं ते थोडक्यात लिहितो, कारण लांबवलं तर मी त्यात स्वतःला जागा शोधीन. पाहुणे आले, नारळ फुटला, पहिल्या यंत्रावर पाहुण्यांनी बोट दाबलं. काही उघडेना. दुसऱ्या यंत्रावर अर्धं पान आलं आणि अडकलं. बाकीच्यांवर तर कधी जोडल्याची खूण यायची, कधी जायची. कार्यालयातला कॉम्प्युटर मात्र झकास चालत होता, म्हणजे दोष मी ओढलेल्या तारांतच होता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दारात रंजना ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिला आदल्या दिवशी यंत्रांवरची धूळ पुसायला मीच पाठवलं होतं. मी म्हणालो, "काल सूनबाईनं हात लावला होता. शिकतीय अजून. काहीतरी हललं असेल."

एवढंच. दोन-तीन वाक्यं. खोटं बोलायला त्याहून जास्त लागत नाहीत.

ताटातली निरांजनं तिने हाताने आडोसा करून तशीच जपली. मुख्याध्यापक तिला, वाईट वाटू नये अशा आवाजात, म्हणाले की बाई, तूर्तास तुम्ही खोलीत येऊ नका. जूनमध्ये शिकवायला दुसरंच कुणी आलं. दाखल्याची पिशवी खुंटीवरून कधी निघाली ते मला कळलं नाही.

शांता आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा द्यायची, पण बशी अशी ठेवायची की आवाज व्हावा. नवव्या दिवशी म्हणाली, "पोरीनं तुमचं नाव घेऊन धडा शिकला, अन् तुमी तिचं नाव घेऊन काय केलं?" आज ती नाही. जाण्याआधीच्या दिवसांत तिने एकदाच तो विषय काढला. तेवढं सांगून टाका म्हणाली. मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही.

मे महिन्यात शाळा बंद होती. दुरुस्तीसाठी म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी दोनदा जाऊन बसून आलो. क्लिपकडे पाहिलं की तिचं बोलणं कानात यायचं, आणि आपलंच खरं करायला कारणही सापडत नव्हतं. एका सकाळी रंजना हिरडा परतून आली, काळे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आबा, किल्ली द्या." मी दिली.

चार दिवस ती सकाळी जायची, ऊन कलताना यायची. हमीदभाईंकडून तिने पक्कड आणि नव्या क्लिपा आणल्या होत्या. मी बाहेर पायरीवर बसायचो, कुणी आलं तर सांगायला की आतलं काम माझंच चाललंय. आतून पक्कड दाबल्याचा आवाज यायचा. कट्. मग बराच वेळ शांत, मग पुन्हा कट्. काम करताना ती रंग म्हणायची, धड्यातल्या मास्तरांच्या चालीवर, पण आपल्या भाषेत: नारंगीपांढरी, नारंगी, हिरवीपांढरी, निळी, निळीपांढरी, हिरवी, तपकिरीपांढरी, तपकिरी. माझ्या पाढ्याला तिने नवा पाढा घातला. तिसऱ्या दिवशी तो मलाही पाठ झाला होता. बावीसच्या बावीस टोकं तिने नवी केली. चौथ्या दिवशी तिने मला आत बोलावलं. दहाही यंत्रं सुरू होती आणि दहांवर तिच्या त्या मास्तरांचा, एका यंत्रावर आधीच उतरवून घेतलेला, एकच धडा चालला होता. दहा फळे, दहा खडू, थोडे मागेपुढे. कुठेही पट्टी अडकत नव्हती. नव्या क्लिपांवर हिरड्याचे काळे ठसे उमटले होते. प्रत्येक क्लिपवर तिचा अंगठा.

मी लाइनमन आहे. काम कसं असतं ते मला बघता क्षणी कळतं. तारा भिंतीला एका रेषेत, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी, वळणावर तार मोडू नये म्हणून सैल दिलेली. त्या क्षणी माझ्या छातीत जे भरून आलं तो अभिमान होता, दुसरं काही नव्हतं. जोडीने शरमही होती, पण अभिमान मोठा होता. तो मी तेव्हा बोलून दाखवायला हवा होता. मी फक्त म्हणालो, बरं झालं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सगळं चालू लागलं. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मला शाल आणि नारळ दिला. माझी बोटं स्वच्छ होती आणि क्लिपा काळ्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तोच फोटो बाईंना हवा आहे.

शाल घेऊन मी हमीदभाईंच्या दुकानावरून आलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "शाल मस्त हाय, राव. जरा सुनेच्या मापाची घ्यायला पाहिजे व्हती." त्यांना माहीत होतं. पक्कड कुणी नेली, क्लिपा कुणी मोजून घेतल्या, ते त्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर त्यांनीच रंजनाला दुकानात बोलावलं. मला म्हणाले, "लाइनमनसाब, तुमची गलती माझ्या फायद्याची झाली. असं माणूस मला कुठं मिळणार व्हतं."

तिथून पुढचं मी अभिमानाने लिहू शकतो. धडे संपले तेव्हा तिने ते पहिल्यापासून पुन्हा पाहिले. वह्या सात झाल्या. हमीदभाईंच्या दुकानातून ती पहिल्यांदा जुन्नरच्या एका दवाखान्यात गेली, मग नारायणगावच्या शीतगृहांत, मग मंचरला. स्कूटीच्या मागे शिडी आडवी बांधून आपली सून रस्त्याने जाते, हे काही जणांना सुरुवातीला खटकलं. पुढे त्यांनीच घरी इंटरनेट हवं म्हणून माझ्याकडे वशिला लावला. काचेची बारीक तार, म्हणजे फायबर, डोंगरात चढली तेव्हा आहुप्याच्या आश्रमशाळेतलं जोडकाम तिने केलं. ज्या ओट्यावर रिसीव्हर आडवा पडून राहायचा तिथे बसून तिने मला फोन केला आणि चेहरा दाखवला. मागे देवराईची झाडं दिसत होती. "आबा, आता कुणाला बोलवायला पळायला लागत न्हाई," म्हणाली. मी हसलो. इतक्या वर्षांत तिने एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. ती गप्प राहिली, म्हणून मला गप्प राहणं सोपं गेलं.

तर, बाई, तुमच्या स्मरणिकेसाठी नोंद अशी. शाळेची संगणक खोली माझी सून रंजना हिने जोडली. व्हिडिओवरचे धडे पाहून ती शिकली होती. तिने मला आधी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी जो दोष निघाला तो माझ्या हातचा होता आणि मी तो चारचौघांत तिच्यावर टाकला. त्यामुळे तिची शिकवण्याची जागा गेली. शाल मी घेतली. फोटो छापायचा तर तिचा छापावा.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मला वाटलं, काम झालं. तुमच्याकडे देण्याआधी काल सकाळी मी हे रंजनाला वाचून दाखवलं. रविवार होता, ती अंगणात हिरडा परतत होती. उद्घाटनाच्या भागापाशी आलो तेव्हा हिरड्याचा आवाज बंद झाला. तिचे हात थांबले होते. मग पुन्हा हिरडा वाजू लागला.

संपल्यावर मी विचारलं, तू तेव्हा ऐकलं होतंस ना.

"आयकलं व्हतं."

मग कधी बोलली का नाहीस, म्हणालो.

"काय बोलायचं? बोलून तार नीट झाली असती का?" हिरडा परतत ती म्हणाली, "राग लई व्हता, आबा. दोन वर्सं तरी व्हता. तुमाला दिसला न्हाई, कारन तुमी माज्याकडं बघतच नव्हता."

हे खरं आहे. दोन वर्षं मी तिच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

काही चुकलंय का लिहिण्यात, मी विचारलं.

"एक चुकलंय. बावीस टोकं मी केली असं लिवलंय तुमी. म्या वीस केली. पेटीच्या अगदी शेजारचं यंत्र, त्याची तार दीड हाताची. एवढ्या जवळ जोडी फुटलेली असली तरी चालतं, धड्यात सांगितलं व्हतं. ती दोन टोकं तुमची हायेत. अजून चालत्यात." तिने मूठभर हिरडा उचलून कानाशी वाजवून पाहिला. "रागातच कापायला घेतली व्हती. पक्कड लावली, अन् मग ऱ्हाऊ दिली. खरं लिवायचं तर तेबी लिवा."

आज सकाळी आम्ही दोघं शाळेत गेलो. नव्या इमारतीत न्यायचं म्हणून तारा काढायला तिलाच बोलावलं आहे. पेटीशेजारची तार मी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सारून उजेडाकडे धरली. निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी. जोडीशेजारी जोडी. बाकी सगळ्या क्लिपांवर जुने काळे ठसे होते, या दोन स्वच्छ होत्या. इतकी वर्षं मुलं या यंत्रावर बसली आणि माझ्या चुकीतून शिकून गेली. ती चालावी एवढ्या अंतरावर रंजनाने तिला राहू दिलं होतं.

मी म्हणालो, ही तेवढी मला करू दे.

तिने पक्कड दिली. तार धरली, पण रंग सांगितले नाहीत, मीच म्हटले. नारंगीपांढरी, नारंगी, हिरवीपांढरी, निळी, निळीपांढरी, हिरवी, तपकिरीपांढरी, तपकिरी. एक टोक झालं, मग दुसरं. हमीदभाईंची ती जुनी डबी तिच्या पिशवीत अजून आहे. तिने ती लावली आणि आठही दिवे एकामागे एक लागले.

दिवे तेव्हाही लागले होते. या वेळी मी दिव्यांकडे पाहिलं नाही, रंजनाकडे पाहिलं. तिने क्लिप उजेडाकडे धरली, आठही तारा बघितल्या आणि मान हलवली. मग मी पक्कड खाली ठेवली.